जगाचं प्रगतिपुस्तक

माझ्या मेडिकलच्या दुकानाला लागून एक काळा फळा आहे. वर पिवळ्या रंगात 'वार्ताफलक' आणि खाली एका तरुण मित्र मंडळाचं नाव. त्या मंडळातले तरुण आता माझ्याकडे गुडघ्याला लावायचं मलम न्यायला येतात. एरवी अशा फळ्यावर काय असतं, तर कुणाचं दहावं कुठे, लाइट कधी जाणार आणि कुठल्या भाईंचा वाढदिवस. आमच्या फळ्यावर जोगळेकर सर जगातल्या निवडणुकांचे निकाल लिहायचे. नुसते निकाल लिहून थांबतील तर ते सर कसले? प्रत्येक देशाच्या नावाखाली शेरा असायचा, शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतो तसा.

गाव कर्जत-मुरबाड रस्त्यावर, कशेळ्याच्या अलीकडे. नाव मुद्दाम सांगत नाही. यातली बरीच माणसं अजून मतदार आहेत आणि मला दुकान इथेच चालवायचं आहे.

सर कर्जतच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. निवृत्त झालेली माणसं गुलाब लावतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. सरांना दोन्हीची आवड नव्हती, म्हणून त्यांनी जग सांभाळायला घेतलं. सकाळी बगलेत काळी छत्री, खिशात खडू, अशी स्वारी यायची. उन्हाळा असो, थंडी असो, छत्री कायम. आधी ओल्या फडक्याने कालचं जग पुसायचं आणि मग आजचं लिहायचं. 'जपान. पंतप्रधान पुन्हा बदलले. शेरा: वर्गप्रमुख टिकत नाही. पालकांनी येऊन भेटावे.' 'अमेरिका. शेरा: हुशार, पण वर्गात आरडाओरडा फार. निकाल मान्य करायची सवय लावावी.' बेल्जियममध्ये एकदा सरकारच बनेना. कितीतरी महिने तो देश बिनसरकारचा चालला होता. त्याच्या खाली सरांनी लिहिलं, 'शेरा: सरकार नाही, तरी रस्ते चांगले. आपण विचार करावा.' त्या दिवशी फळ्यासमोर एक मोटारसायकल खड्ड्यात गेली होती, त्यामुळे लोकांनी मनापासून विचार केला.

कशेळ्याला जाणाऱ्या जीपा माझ्या दुकानासमोर भरतात. एक जीप पांडूची. गाडी भरेस्तोवर पांडू फळा मोठ्याने वाचायचा, त्यामुळे आतल्या पाटीवाल्या बायकांनाही फ्रान्समध्ये काय चाललंय ते कळायचं.

"सर, जपानचा पुन्ना बदलला?"

"बदलला."

"मंग आमच्या गाडीवरला क्लीनर बरा. त्यो दिवाळीपासनं हाय."

ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो आणि दिलं तर केंद्राबाहेर भाजलेलं सॉसेज खायला मिळतं, हे सरांनी एकदा कौतुकाने सांगितलं. सॉसेज म्हणजे काय, हे पांडूने विचारून घेतलं. मटणाची वळकटी असते, असं सरांनी भूगोलाच्या शिक्षकाला जमेल तेवढं समजावलं. पांडू म्हणाला, "त्यात काय सर. आपल्याकडं आदल्या रातीच देतात. अन् नुस्तं मटण नाय." हे खरंच आहे. निवडणुकीच्या दिवसांत माझ्या दुकानातून ॲसिडिटीच्या गोळ्यांचा जेवढा खप होतो, तेवढा लग्नसराईतही होत नाही. लोकशाहीने मला बरं जगवलंय, मी तिच्या विरुद्ध कधी बोलणार नाही.

सरांचा एक नियम होता. फळ्यावर परदेश, फार तर दिल्ली. मुंबईसुद्धा क्वचित. गावाचं अक्षरही नाही. नळाला दोन दोन दिवस पाणी नसायचं, तेव्हा मी मुद्दाम विचारायचो, "सर, पाणीयोजनेला काय शेरा?" सर खडू खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "औषधवाले, गाव जगाच्या नकाशावर येत नाही. स्केल लहान आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की गिऱ्हाईक उधारी मागायला आलं की मीही तेच म्हणतो.

सुधाकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. घराच्या पुढच्या ओटीवर सर, टीव्ही आणि जग. मागच्या दाराशी काकू. काकूंनी जगातली सगळी सरकारं स्वयंपाकघरातूनच पडताना ऐकली. "यांना बोलिव्हियाच्या दोन राजधान्या पाठ आहेत," त्या म्हणायच्या, "घरात साखर कुठल्या डब्यात ते माहीत नाही." सर हसायचे. त्यांना ती स्तुती वाटायची.

मंगळवारी आमच्याकडे बाजार भरतो. वरच्या वाड्यांवरून ठाकर बायका मोळ्या, आवळे, करांद्यांचे कंद घेऊन उजाडता निघतात आणि दुपार कलल्यावर परततात. बाजारात पुरुषांना भिंती पुष्कळ आहेत. बायकांसाठी काही नाही. त्या जायच्या काकूंच्या मागच्या दाराने. काकू मंगळवारी मागची कडी घालतच नसत. न्हाणीघरात पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. याबद्दल कधी कुणी बोललं नाही. ओटीवर बसून साऱ्या खंडांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला याचा पत्ता नव्हता.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव निघालं. आमच्याकडे अशा वेळी एक सुंदर प्रथा आहे. देवळात पुरुष जमतात, सगळ्यांच्या वतीने ठरवतात आणि देवासमोरच्या नारळावर हात ठेवतात. याला बिनविरोध म्हणतात. त्याने गावात एकोपा राहतो आणि मत देण्याचा त्रास वाचतो. त्या वेळी अनंतशेठ कंत्राटदारांनी देवळाला सभामंडप बांधून द्यायचं कबूल केलं, आणि अनंतशेठच्या मिसेस सरपंच व्हायला एकदम लायक आहेत, असं सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं. बाईंना गावाने तोवर फक्त गाडीच्या काळ्या काचेआड पाहिलं होतं. सभेला अध्यक्ष म्हणून शिकलेला, वयाने मोठा माणूस हवा. जोगळेकर सरांशिवाय दुसरं कोण?

सरांनी हात ठेवला. पहिला हात त्यांचाच.

गंमत पुढे आहे. आदल्याच दिवशी कुठल्याशा देशात अध्यक्षाची निवडणूक झाली होती आणि उमेदवार एकच होता. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'शेरा: एकट्याने धावून पहिला नंबर.' देवळातून बाहेर पडलेली मंडळी माझ्या दुकानाशी थांबली. अनंतशेठनी फळा वाचला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, भारी लिवलंय. त्या लोकांना काय लाज नाय." सरांनी मान डोलावली. मी दोघांकडे बघत राहिलो. कुणालाच काही खटकलं नव्हतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सुधाकाकू पांडूच्या जीपमध्ये पुढे बसून कर्जतला गेल्या. बरोबर वरच्या वाडीची हिराबाई. दर मंगळवारी मोळी घेऊन येणारी. संध्याकाळी बातमी गावात आली, की सरपंचपदाला दोन अर्ज आहेत. दुसरा सौ. सुधा जोगळेकर यांचा.

अर्जाबरोबर, घरी शौचालय आहे आणि उमेदवार ते वापरतो, असं लिहून द्यावं लागतं. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "काकू, घरी आहे ना?" काकू म्हणाल्या, "आहे की. अख्खा बाजार वापरतो." पांडूने हे वाक्य जीपच्या प्रत्येक फेरीला सांगितलं.

गाव सरांच्या ओटीवर आलं. मी नेमका सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो होतो, म्हणजे मुद्दाम तेव्हाच गेलो होतो. अनंतशेठ हात जोडून म्हणाले, "सर, तुमी म्हंजे गावाचं भूषण हाय. नारळावर हात तुमचा पयला. आता काकूंना समजवा. माघारीला अजून येळ हाय." सर बरं म्हणाले. मंडळी गेली. सर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्या दारात मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

"सुधा, गावात फूट पडेल."

"पडू दे की. इंग्लंडात नाही पडली? तेव्हा तर चार दिवस जेवताना तेच बोलत होतात."

"मी शब्द दिलाय. नारळावर हात ठेवलाय."

"तुम्ही ठेवलात. मी कुठे ठेवला? बायकांना देवळात बोलावलं होतं का कुणी?"

काकूंनी गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत त्या वळल्या.

"अहो, त्या देशात एकच उमेदवार होता, त्याला तुम्ही काय शेरा दिलात?"

"अगं, तो देश होता."

"मग स्केल सांगा ना. गाव केवढं मोठं झालं की तुम्ही शेरा देता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचू लागलो.

काकूंनी माघार घेतली नाही. चिन्ह मिळालं छत्री. आता काय सांगू? सरांची ती जन्माची काळी छत्री, तिने सरांना पार अडचणीत आणलं. छत्री घेऊन निघावं तर बायकोचा प्रचार, घरी ठेवावी तर बायकोला विरोध. सरांनी ती घरी ठेवली. तटस्थता म्हणाले. डोक्यावर ऊन घेत, बगल रिकामी, असे ते गावातून चालायचे आणि हात कुठे ठेवावा ते त्यांना कळायचं नाही. फळाही बंद झाला. सर यायचे, फळा पुसायचे, खडू हातात धरून उभे राहायचे आणि तसेच परत जायचे. पांडू दोनचार दिवस थांबला, मग त्याने काळजीने विचारलं, "सर, जगात समदं शांत हाय ना?"

मला रागच आला होता त्यांचा. इतकी वर्षं त्यांचा खडू माझ्या गल्ल्याशेजारी ठेवत आलो, लोक सरांना वेडे म्हणायचे तेव्हा भांडलो. आणि हा माणूस सगळ्या जगाला नापास करून घरच्या परीक्षेला दांडी मारून बसला होता. मी तसं तोंडावर बोललोही. सर म्हणाले, "तुम्हाला कळायचं नाही, औषधवाले." एवढंच बोलले आणि गेले.

काकू घरोघर फिरत होत्या. त्यांच्याबरोबर तीनचार बायका, आणि मागणी एकच, बाजारात बायकांसाठी शौचालय. पुरुषांना भाषणात तो विषय ऐकवेना. "काकू, काहीतरी विकासाचं बोला," एकाने सुचवलं. काकू म्हणाल्या, "तू पाच तास अडवून धर, मग मी विकासाचं बोलते."

मतदानाआधीचा मंगळवार. काकू खालच्या आळीत गेल्या होत्या, सर घरी एकटे. दुपारी ते माझ्याकडे आले आणि दुकानातल्या बाकावर बसले. मी पाणी दिलं.

"औषधवाले, आज मागच्या दाराशी हिराबाई आली होती."

"मग?"

"मला बघून मागे सरली. काकू नाय का, म्हणाली. नाही म्हटलं, काय काम आहे? काय नाय सर, म्हणाली आणि गेली. तिच्यामागे आणखी दोघी होत्या. एक पोटुशी होती हो. त्याही गेल्या. मी दारात उभा होतो म्हणून गेल्या." सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पस्तीस वर्षं त्या घरात राहतोय मी. त्या दारातून कोण येतं, ते मला आज दिसलं."

मला त्यांना लागेल असं बरंच काही बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

सर उठून घरी गेले आणि थोड्या वेळाने परत बाहेर आले. हातात नारळ होता आणि बगलेत छत्री. ते तडक समोरच्या देवळात गेले. अनंतशेठ तिथेच सभामंडपाचे खांब मोजून घेत होते. सरांनी नारळ त्यांच्यासमोर पायरीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, त्या दिवशी ठेवलेला हात मी काढून घेतो." अनंतशेठ म्हणाले, "सर, असा काढता येत नाय." सर म्हणाले, "काढला. तुम्ही बघितलात."

मग त्यांनी छत्री उघडली. थंडीचे दिवस, ऊन सौम्य, ढगाचा ठिपका नाही. काळी छत्री डोक्यावर धरून जोगळेकर सर भर बाजारातून चालत निघाले. करांद्यांच्या पाट्यांमधून, सुक्या बोंबलांच्या ओळीतून, जीपच्या रांगेवरून. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. वाडीवरच्या बायका पाट्यांमागून बघत होत्या. त्यांच्यातली एक हसायला लागली आणि मग सगळ्याच हसल्या. पांडूने हॉर्न वाजवला. खालच्या आळीच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "अहो, छत्रीची काडी मोडलीय त्या बाजूची. तशीच काय आणलीत?" सरांनी मोडकी बाजू स्वतःकडे फिरवली. मी दुकानातून हे सगळं बघत होतो, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

काकू पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्याच. आदल्या रात्रीच्या मटणाला मतांचं मोल असतं, त्यात काही नवीन नाही. अनंतशेठच्या मिसेस सरपंच झाल्या आणि विजयाची मिरवणूकही त्यांनी काळ्या काचेआडूनच काढली. सभामंडप? तो गावाने एकोपा मोडल्यामुळे रखडला. खांब अजून उभे आहेत. त्यांना गाई बांधायला बरं पडतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर खडू घेऊन आले. फळा पुसला. सगळ्यात वर आमच्या गावाचं नाव लिहिलं, जिथे एरवी देशाचं नाव असतं तिथे. त्याखाली दोन्ही उमेदवारांची मतं. मग जरा थांबून खाली लिहिलं, 'शेरा: या गावात निवडणूक झाली. अभिनंदन.' पांडूने ते वाचलं आणि विचारलं, "सर, आज बाकी जग नाय?" सर म्हणाले, "आज जागा नाही."

पुढे वर्षभराने शौचालय झालं. इतकी मतं विरोधात गेली, तेव्हा सरपंचबाईंनाही बायकांची कळकळ वाटू लागली. फीत कापली, फोटो निघाले, नावाची पाटी लागली आणि सगळं पार पडल्यावर दाराला कुलूप लागलं. नासधूस होते म्हणे. काकू ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन बसल्या, आणि या वेळी सर छत्री घेऊन शेजारी बसले. दुपारपर्यंत किल्ली मिळाली. ती आता माझ्या दुकानात खिळ्याला असते. जगाच्या राजकारणात माझ्या हाती आलेली सत्ता ती एवढीच, आणि ती मी मंगळवारी सकाळी सकाळीच सोडून देतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सर गेले. आधी चारपाच महिने आजारीच होते. मी इंजेक्शनं पोचवायला जायचो तेव्हा टीव्ही चालू असायचा, कुठल्यातरी देशाची मतमोजणी. शेवटी शेवटी त्यांना पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं. मला विचारायचे, "कोण पुढे?" मी सांगायचो. मग म्हणायचे, "शेरा तुम्ही लिहा आता. कडक लिहा." मी काय लिहिणार? मला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, तेवढंच.

ते गेले त्या सकाळी, फळ्यावर निधनाची बातमी लिहायला हवी होती. मंडळातलं कुणीतरी खडू घेऊन आलं, पण सरांच्या फळ्यावर सरांबद्दल लिहायला कुणाचा हात उठेना. काकू स्वतः आल्या. हिराबाई त्यांना धरून होती. काकूंनी खडू घेतला आणि सावकाश लिहिलं, 'सदाशिव जोगळेकर. भूगोल. आज पहाटे गेले.' खडू परत देतील असं मला वाटलं. त्यांनी दिला नाही. खाली थोडी जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं,

'शेरा: उशिरा हजर.'

आणि आपल्याच अक्षरांकडे बघत त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.